हे कर्ज कुणी काढले?

कला शाखेच्या विद्यार्थ्याने विषाणूंवर लेख लिहावा हा आमच्या विज्ञान शाखेतील मित्रांना अव्यापारेषु व्यापार वाटेल. त्यांची तक्रार रास्त आहे. परंतु प्रस्तुत लेखाचा विषय विषाणू जितका आहे, तितकाच एक शब्दप्रयोगही आहे. आणि शब्दांची झाडाझडती घेण्याचा हक्क तरी कला शाखेकडे अजून शिल्लक असावा. हा शब्दप्रयोग म्हणजे 'प्रतिकारशक्तीचे कर्ज'.

२०२१ साली फ्रान्समधील काही बालरोगतज्ज्ञांनी तो प्रचारात आणला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : कोविडच्या काळात माणसे घरात राहिली, मुखपट्ट्या वापरल्या गेल्या, शाळा बंद होत्या. त्यामुळे दरवर्षी होणारे सर्दी-तापाचे नाना प्रकार मुलांना झालेच नाहीत. ते झाले असते तर मुलांच्या अंगी जी प्रतिकारशक्ती आली असती ती आली नाही. अशी मुले वर्षागणिक साठत गेली, की निर्बंध उठल्यावर हे रोग नेहमीपेक्षा मोठ्या साथीच्या रूपाने परत येतील. यावर उपाय म्हणून त्यांनी लसीकरण वाढवावे असेही सुचविले होते. पण शब्द एकदा सुटला की त्याच्यावर कर्त्याची सत्ता उरत नाही. आमच्या कट्ट्यापर्यंत येईतो लसीकरणाचा भाग वाटेतच गळून पडला आणि उरले ते एवढेच : ‘दोन वर्षे तोंड बांधून बसलात ना, आता फेडा!' घरात कुणाला चार दिवसांवर पाचवा दिवस ताप राहिला की हा हिशेब मांडणारा एक तरी शेजारी भेटतोच. हा हिशेब चुकीचा आहे आणि घातकही आहे असे माझे मत आहे, आणि ते मांडण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

प्रथम जे खरे आहे ते मान्य केले पाहिजे. कोविडच्या महासाथीत हंगामी फ्ल्यू खरोखरच नाहीसा झाला होता. ऑस्ट्रेलियात एप्रिल ते जुलै हे फ्ल्यूच्या हंगामातले महिने असतात. २०२० सालच्या या चार महिन्यांत तेथे ६०,०३१ नमुने तपासले गेले आणि त्यांत फ्ल्यूचा विषाणू अवघ्या ३३ नमुन्यांत सापडला. अमेरिकेत २०२०-२१च्या हंगामात ८ लाख १८ हजार ९३९ नमुन्यांपैकी १,६७५ नमुन्यांत, म्हणजे ०.२ टक्क्यांत, तो आढळला. त्याआधीच्या तीन हंगामांत साथ ऐन भरात असताना हेच प्रमाण २६ ते ३० टक्क्यांपर्यंत चढलेले होते. आपल्याकडे फ्ल्यू काश्मीरसारखा प्रदेश वगळता मुख्यतः पावसाळ्यात आणि त्याखालोखाल हिवाळ्याच्या अखेरीस येतो. २०२०च्या पावसाळ्यात त्याची नेहमीची लाट आली नाही. फ्ल्यूच्या विषाणूचे एक घराणे तर बहुधा निर्वंशच झाले. 'बी-यामागाटा' नावाचा हा प्रकार मार्च २०२० नंतर जगात कोठेही खात्रीने सापडलेला नाही. तेव्हा सप्टेंबर २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्याला लसीतून वगळण्याची शिफारस केली. रोग नाहीसा झाला म्हणून लसीतला एक घटक काढून टाकावा लागावा, असे सुख वैद्यकशास्त्राच्या वाट्याला फार वेळा आलेले नाही.

आता, रोग दोन वर्षे फिरकला नाही तर समाजाची प्रतिकारशक्ती खालावते का? खालावते. याचे उत्कृष्ट उदाहरण फ्ल्यूचे नसून गोवराचे आहे. डेन्मार्कच्या ताब्यातील फॅरो बेटांवर १७८१ नंतर पासष्ट वर्षे गोवर आला नव्हता. १८४६ साली तो आला आणि सुमारे ७,८०० वस्तीपैकी ६,००० माणसे अंथरुणाला खिळली. तेथे पाठविलेल्या पीटर पानुम या तरुण डॉक्टरच्या लक्षात आले, की १७८१ची साथ भोगलेले जे म्हातारे हयात होते त्यांना मात्र या वेळी गोवराने शिवले नाही. व्यक्तीची प्रतिकारशक्ती आणि समाजाची प्रतिकारशक्ती या दोन वेगळ्या वस्तू आहेत, हे या बेटांवर स्वच्छ दिसते. त्या पासष्ट वर्षांत जन्मलेली माणसे काही अशक्त निपजली नव्हती. समुद्रावर होड्या हाकणारी ती धडधाकट कोळी मंडळी होती. फक्त गोवराची ओळख असलेली माणसे एकेक करून वारली, आणि ओळख नसलेल्यांची संख्या वाढत गेली.

हा भेद मी मुद्दाम सांगतो, कारण 'कर्ज'वाल्यांच्या बोलण्यात तो हमखास पुसला जातो. मुखपट्टीमुळे मुलांची शक्ती गंजली, व्यायाम बंद केल्यावर दंड बारीक व्हावा तसे झाले, अशी त्यांची समजूत असते. शरीराची रोगाशी लढण्याची यंत्रणा हा दंडाचा स्नायू नव्हे. ती हवेतील, अन्नातील, अंगावरच्या असंख्य जंतूंशी लॉकडाउनमध्येही रोज झगडतच होती. कमी झाले ते इतकेच, की एका विशिष्ट विषाणूची ताजी ओळख कमी लोकांकडे उरली.

गोवरात ही ओळख जन्मभर टिकते. फ्ल्यूत मात्र प्रकरण अवघड आहे. एक तर प्रतिपिंडांचा जोर काही महिन्यांत ओसरू लागतो, आणि दुसरे म्हणजे विषाणू स्वतःच वेष पालटतो. आम्हा अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना ही गोष्ट चलनाच्या भाषेत चटकन उमगते. फ्ल्यूचा विषाणू दरवर्षी थोडाथोडा बदलतो, ती महागाई. गाठीची रक्कम तीच असते, पण तिची किंमत उतरत जाते. आणि मधूनच एखादे वर्षी प्राण्यापक्ष्यांतील विषाणूशी सरमिसळ होऊन तो पार नवा होऊन येतो, ती ८ नोव्हेंबर २०१६ची रात्र. पाकिटातल्या नोटा तशाच, पण दुकानदार त्या घेत नाही. या दुसऱ्या प्रकारालाच आपण फ्ल्यूची महासाथ म्हणतो.

अशा महासाथींचा शंभर वर्षांचा इतिहास पाहिला तर समाजाच्या गाठीला काय असते आणि ते किती विलक्षण रीतीने वाटलेले असते हे कळते. १९१८ साली जून महिन्यात मुंबईत जो फ्ल्यू उतरला आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात ज्याने मुंबई इलाखा होत्याचा नव्हता केला, त्याला आपल्या खेडोपाडी 'मानमोडी' म्हणत. हिंदुस्थानात त्या साथीने सव्वा कोटीपासून दोन कोटींपर्यंत माणसे नेली असे निरनिराळे अंदाज आहेत. त्याच वर्षी पाऊस दगा देऊन गेला होता, धान्य कडाडले होते. मेले ते बहुतांशी वीस ते चाळीस वयाचे, कर्तेसवरते. आणि आपल्या देशात पुरुषांहून बायका अधिक मेल्या. रोग्याची सेवा कोण करीत होते आणि घरात शेवटी कोण जेवत होते, याचा विचार केला तर त्यात नवल वाटत नाही.

त्या मानमोडीच्या विषाणूचे वंशज पुढे सौम्य होत जवळजवळ चाळीस वर्षे फिरत राहिले. १९५७ साली आशियाई फ्ल्यू आला आणि त्याने त्यांना हुसकून लावले. १९६८च्या हाँगकाँग फ्ल्यूने आशियाई फ्ल्यूला हुसकले. मग १९७७ साली चमत्कार घडला. वीस वर्षांपूर्वी लोपलेला जुना विषाणू, १९५०च्या सुमारास होता जवळपास तशाच रूपात, चीन आणि रशियात पुन्हा प्रकट झाला. वीस वर्षे निसर्गात फिरून तो तसाच कसा राहील? तो कुठल्या तरी शीतपेटीतून निसटला असावा, असा संशय अनेक शास्त्रज्ञ घेतात. पण आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे हे, की त्याने मुख्यतः पंचविशीच्या आतल्यांनाच गाठले. त्यांचे आईबाप त्याच घरात, त्याच ताटावर असूनही बहुधा सुटले, कारण त्यांची त्या विषाणूशी लहानपणी गाठ पडलेली होती.

२००९ साली हेच दृश्य अधिक ठळकपणे दिसले. स्वाइन फ्ल्यूने भारतातील पहिला बळी ३ ऑगस्टला पुण्यात घेतला, तो एका शाळकरी मुलीचा. जगभर तरुणांना आणि मुलांना तो अधिक झाला, म्हाताऱ्यांना कमी. अमेरिकेत जुने रक्तनमुने तपासले, तेव्हा १९५० पूर्वी जन्मलेल्यांपैकी सुमारे एकतृतीयांश लोकांच्या रक्तात या नव्या विषाणूवर चालणारी प्रतिपिंडे आधीपासूनच सापडली. मानमोडीच्या वंशजांची ती जुनी ओळख होती. त्याच्या आदल्या वर्षी, २००८ साली, १९१८ची साथ बालपणी पाहिलेल्या ३२ वृद्धांचे रक्त तपासले गेले होते. नव्वदी ओलांडलेल्या त्या सर्वांच्या रक्ताने १९१८चा विषाणू ओळखला. देहाची स्मरणशक्ती आपल्या इतिहासाच्या पाठ्यपुस्तकांपेक्षा बरी म्हणायची!

उलट बाजूही पाहा. १९५७ ते १९६८ फिरलेला आशियाई फ्ल्यू नाहीसा झाल्यानंतर जन्मलेल्या कुणालाही त्याची ओळख नाही. म्हणजे आज महाविद्यालयात शिकणारे आणि शिकविणारे जवळजवळ सगळेच त्याच्यापुढे उघडे आहोत. तो विषाणू प्रयोगशाळांच्या शीतपेट्यांत अजून जिवंत आहे. २००५ साली तर तो तपासणी-संचांतून चुकीने निरनिराळ्या देशांतील हजारो प्रयोगशाळांकडे टपालाने गेला होता, आणि ध्यानात आल्यावर घाईघाईने नष्ट करावा लागला. म्हणून काही आपण असे म्हणत नाही, की आशियाई फ्ल्यू पन्नास वर्षे आला नाही हे आपल्या डोक्यावर कर्ज झाले, तेव्हा चला, तो एकदा येऊन जाऊ द्या. कोविडकाळात फ्ल्यू दोन वर्षे आला नाही याला मात्र कर्ज म्हणायचे! हा न्याय मला समजत नाही.

कर्ज या शब्दात तीन गोष्टी गृहीत असतात. कुणीतरी काहीतरी उचल घेतली, ती फेडलीच पाहिजे, आणि उशीर झाला तर व्याज चढते. यांतली एकही गोष्ट येथे नीट बसत नाही.

उचल म्हणावी तर आपण काय उचलले? अमेरिकेत फ्ल्यूने दगावलेल्या बालकांची नोंद ठेवतात. २०१९-२०च्या हंगामात ती संख्या १९९ होती. २०२०-२१च्या हंगामात ती एक होती. एक! फ्ल्यूपुरते बोलायचे तर ही निखळ बचत आहे. (शाळा बंद राहिल्याने मुलांचे जे नुकसान झाले ते वेगळे आणि फार मोठे आहे. ज्यांची दोन वर्षे मोबाइलच्या चार इंची पडद्यात गेली, त्या पिढीला ते सांगायला नको. पण तो शिक्षणाचा हिशेब आहे, फ्ल्यूचा नव्हे. या वहीतली रक्कम त्या वहीत मांडू नये.)

फेड म्हणावी तर ती व्याजासकट झाली का? निर्बंध उठल्यावर फ्ल्यू आला खरा, आणि अवेळी आला. २०२२ साली ऑस्ट्रेलियात तो नेहमीपेक्षा लवकर शिगेला पोहोचला. त्याच वर्षी पावसाळ्यात मुंबई-पुण्याकडे स्वाइन फ्ल्यू पुन्हा वाढला. मार्च २०२३ मध्ये एच३एन२च्या बातम्यांनी आपली वृत्तपत्रे भरली आणि कर्नाटक व हरियाणातील मृत्यूंनी देशभर घबराट झाली. ओळख कमी झालेल्या समाजात असे घडणारच होते. पण अमेरिकेतील बालमृत्यूंचा आकडा २०२२-२३ मध्ये परतला तो साधारण जुन्याच पातळीच्या आसपास. चुकलेल्या हंगामाचा दामदुप्पट वसूल त्याने केला नाही. बरे, फेड तेव्हाच पुरी झाली म्हणावे, तर २०२४-२५चा हंगाम अमेरिकेत सर्व वयोगटांना अतिशय कडक का गेला? त्या हंगामात २८० बालके दगावली. लसीची माहिती उपलब्ध असलेल्या बालकांपैकी बहुतेकांचे लसीकरण पूर्ण नव्हते. २०१९-२० मध्ये तेथे सुमारे ६४ टक्के मुलांना फ्ल्यूची लस मिळाली होती, ती २०२४-२५ मध्ये निम्म्यांहून कमी मुलांना मिळाली. सगळा दोष लसीच्या अभावाचा असे मी म्हणणार नाही, विषाणूचा त्या वर्षीचा प्रकारही त्यात येतो. परंतु मुखपट्ट्या उतरून तीन वर्षे लोटल्यावरही मुखपट्टीच्याच नावाने बोटे मोडायची, आणि न टोचलेल्या सुईचे नावही काढायचे नाही, याला हिशेब कसा म्हणावा?

तिसरी गोष्ट मला सर्वांत अधिक खटकते. कर्ज ज्याने काढले त्याने फेडावे असा व्यवहार आहे. फ्ल्यूत काय होते? विशी-बाविशीचा धट्टाकट्टा तरुण चार दिवस तापाने फणफणतो, पाचव्या दिवशी वडापाव खातो आणि म्हणतो, ‘बघ, नैसर्गिक प्रतिकारशक्ती आली!' त्या चार दिवसांत तो ज्यांच्याजवळ खोकला, त्यांत दमेकरी वडील असतात, मधुमेही आजी असते, गरोदर वहिनी असते, किंवा सहा महिन्यांच्या आतले बाळ असते, ज्याला फ्ल्यूची लस देताच येत नाही. जगात दरवर्षी हंगामी फ्ल्यूच्या श्वसनविकारांनी २ लाख ९० हजार ते ६ लाख ५० हजार माणसे मरतात असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. शक्ती कमावली नातवाने आणि किंमत मोजली आजीने, अशा व्यवहाराला आपल्याकडे दुसरा शब्द आहे.

म्हणून मला वाटते, येथे शिल्लक हा शब्द वापरावा. शिल्लक आटते, आणि ती भरता येते. भरण्याचे दोन मार्ग आहेत. एक आजारपणाचा, त्याची किंमत वर आलीच आहे. दुसरा लसीचा. फ्ल्यूची लस ही काही रामबाण नव्हे. विषाणूशी तिचे चांगले जुळले तर ती आजाराचा धोका साधारण ४० ते ६० टक्क्यांनी कमी करते, आणि ती दरवर्षी घ्यावी लागते. तिच्यात कोणते विषाणू घालायचे हे जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा, फेब्रुवारी आणि सप्टेंबरात, ठरविते. पण गरोदर मातेला ती दिली तर जन्मणाऱ्या बाळालाही पहिले काही महिने तिचे संरक्षण मिळते. मानमोडीच्या वर्षी कुणाला हे स्वप्नातही दिसले नसते. त्या रोगाला विषाणू कारण आहे हेच मुळी १९३३ साली लंडनमध्ये सिद्ध झाले.

आता आपल्या दाराशी या. १९५२ साली स्थापन झालेली राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था पुण्यात. मात्रांच्या संख्येने जगातील सर्वांत मोठी लस-उत्पादक कंपनी पुण्यात. स्वाइन फ्ल्यूवरची नाकात फवारायची लस २०१० साली तयार झाली तीही पुण्यात. असे असूनही राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात फ्ल्यूच्या लसीला स्थान मिळालेले नाही. गरोदर स्त्रिया आणि आरोग्यसेवक यांना ती द्यावी अशी सरकारी शिफारस आहे. शिफारशीने दंडात सुई जात नाही. खासगी दवाखान्यात ती हजार रुपयांच्या वर पडते, म्हणजे शेतमजूर बाईच्या कित्येक दिवसांच्या रोजाइतकी; आणि तीही दरवर्षी! त्यामुळे ‘लस घ्या' हा उपदेश आपल्याकडे ज्यांना परवडतो त्यांनी एकमेकांना करण्याचा झाला आहे. क्षय, हिवताप, कुपोषण या देशात असताना फ्ल्यूवर पैसा कशाला, हा प्रश्न गैर नाही. सगळ्यांना लस द्या असे मीही म्हणत नाही. पण गरोदर मातांना आणि साठीपुढच्यांना ती सरकारी रुग्णालयांतून मोफत आणि नियमाने मिळावी, पावसाळ्यापूर्वी मिळावी, एवढी मागणी अवास्तव ठरू नये.

राहता राहिले आपले महाविद्यालय. फ्ल्यूचा भर जुलै ते सप्टेंबर, आणि आपल्या पहिल्या सत्राचा भरही जुलै ते सप्टेंबर. ऐंशी जणांच्या वर्गात, पावसाची झड येते म्हणून बंद केलेल्या खिडक्यांच्या आड, ओल्या छत्र्यांच्या शेजारी आपण बसतो. त्यात ७५ टक्के हजेरीचा नियम. ताप अंगावर काढून तासाला बसलेला विद्यार्थी आपल्याकडे निष्ठावान समजला जातो, आणि घरी राहिलेल्याला डॉक्टरचा दाखला आणावा लागतो. तो दाखला मिळवायला शंभर-दोनशे रुपये आणि दवाखान्याच्या बाकावर तासभर खोकणाऱ्यांची सोबत लागते. वसतिगृहात तर एका खोलीत चौघे. एकाला झाला की आठवड्यात मजला आडवा होतो, आणि शनिवारी तोच मजला एसटीने गावोगावी आजी-आजोबांकडे जातो.

गुरुजनांची क्षमा मागून सुचवितो, की जून ते सप्टेंबर या काळात तापाच्या आजारासाठी तीन दिवसांची गैरहजेरी दाखल्यावाचून, पालकांच्या किंवा रेक्टरांच्या चिठ्ठीवर, माफ करावी. पाच-दहा जण याचा फायदा घेऊन सिनेमाला जातील, हे मला ठाऊक आहे. ते तसेही जातात. आणि वर्गाच्या मागच्या भिंतीतील ज्या दोन खिडक्या गेल्या पावसाळ्यापासून खिळे ठोकून बंद केलेल्या आहेत, त्या पुढच्या जूनपूर्वी उघडून घ्याव्यात.